जुन्या ट्रॅक्टरचा टाय रॉड एंड बदलायचा कसा

स्टिअरिंग चांगलं वीतभर फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही. जरा वेग घेतला की पुढची चाकं थरथरायला लागतात. नांगरताना ट्रॅक्टर तासातून सारखा बाहेर ओढतो. जुन्या ट्रॅक्टरवर ही लक्षणं दिसली की पहिला संशय स्टिअरिंग बॉक्सवर जातो आणि तो खोलायची घाई होते. पण बॉक्सला हात लावण्याआधी खाली वाकून टाय रॉडची, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची, टोकं बघा. टोकावरचा मुठीएवढा हा जोड, म्हणजे टाय रॉड एंड, झिजला तरी अगदी हीच लक्षणं दिसतात. तो बदलणं हे फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याला मोठी अवजारंही लागत नाहीत.

जोड काढून दुसरा बसवणं हा यातला सोपा भाग. चाकांची मूळ दिशा परत आणणं हे खरं काम. म्हणून खोलण्याआधी मोजायचं, आणि मोजलेलं लिहून ठेवायचं.

जोड आतून कसा असतो

टाय रॉड एंड म्हणजे एक बॉल जॉइंट. लोखंडी वाटीत एक गोळा बसवलेला असतो आणि त्याच गोळ्याची दांडी बाहेर येते. तिला बॉल पिन म्हणूया. ही पिन सरळ नसते, टोकाकडे निमुळती होत जाते. पुढचं चाक ज्या खुंटावर बसतं तो स्पिंडल; त्याच्या आर्ममध्ये तसंच निमुळतं भोक असतं. पिन त्यात घट्ट रुतते आणि वरून खाचांचा नट म्हणजे कॅसल नट आवळला जातो. नट सुटू नये म्हणून आरपार स्प्लिट पिन घालतात. वाटीच्या तोंडावर रबरी बूट असतो, तो ग्रीस आत आणि चिखल बाहेर ठेवतो. वाटीच्या दुसऱ्या बाजूला आटे असतात. ते टाय रॉडच्या नळीत फिरवून बसवतात आणि चेक नट किंवा क्लॅम्पने पक्के करतात.

झीज बहुधा बूट फाटल्यावर सुरू होते. बारीक माती आत शिरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि त्याची खरडपेस्ट होते. प्रत्येक वळणाला ती गोळा घासत राहते. बूट शाबूत असूनही ग्रीस वेळेवर दिलं नाही तर आत ओल धरते आणि गंज चढतो. बुटाच्या कडेने गेरूसारखा लालसर चिकट माल बाहेर येताना दिसला तर तो जोड संपत आला असं समजा.

दोष नक्की कुठे आहे ते आधी शोधा

इंजिन बंद, ट्रॅक्टर सपाट जागेवर, चाकं जमिनीवरच. एकाने सीटवर बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, चाकं वळायला लागेपर्यंतच. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोटं अशी ठेवायची की अर्धी वाटीवर आणि अर्धी आर्मवर येतील. जोड चांगला असेल तर दोन्ही एकत्र हलतात. झिजला असेल तर वाटी आधी सरकते आणि आर्म मागून, आणि मधली ती ‘टक’ बोटांना जाणवते. डोळ्यांना जे दिसत नाही ते इथे बोटांना कळतं. टाय रॉडची दोन्ही टोकं, ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं आणि स्टिअरिंग बॉक्सचा आर्म, सगळं एकेक करून तपासा. ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून कोणाचाही हात या जागी जाता कामा नये.

मग एक पुढचं चाक जॅकवर उचला. चाकाला घड्याळ समजून तीन आणि नऊच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. इथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर तो टाय रॉडच्या जोडात किंवा स्टिअरिंगच्या पुढच्या बाकी जोडांत असतो. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर प्ले दिसला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा चाक जिच्याभोवती वळतं त्या किंग पिनच्या बुशमध्ये आहे आणि टाय रॉड एंड बदलून तो जाणार नाही. दोन्हीकडे प्ले असेल तर आधी बेअरिंग आणि बुश. चाकच डुगडुगत असेल तर पुढे टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत झुकली आहेत ते, मोजायला काही अर्थ उरत नाही.

इथे नवखा माणूस एका गोष्टीने फसतो. काही जोडांच्या वाटीत गोळ्याखाली स्प्रिंग असते. पक्कडीत धरून दाबलं तर असा जोड पिनच्या दिशेने किंचित दबतो आणि परत येतो. त्याला झीज म्हणू नका. आडवा प्ले, म्हणजे गोळा वाटीत बाजूला सरकणं, हा मात्र नक्की बाद.

नवा जोड घेताना काय जुळवायचं

ट्रॅक्टरचं मॉडेल सांगून मिळालेला भाग बसेलच याची जुन्या यंत्रात खात्री नसते. इतक्या वर्षांत मधल्या मालकांनी एक्सल बदललेला असतो किंवा दुसऱ्याच मॉडेलचा रॉड लावलेला असतो. जुना जोड हातात घेऊन किंवा जागेवरच मोजून पुढच्या गोष्टी टिपून घ्या: आट्यांचा व्यास आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर), आटे सुलटे की उलटे, आटे बाहेरून की आतून, गोळ्याच्या मध्यापासून आट्यांच्या टोकापर्यंतची लांबी, दांडा सरळ की वाकडा, आणि निमुळत्या पिनचा जाड टोकाचा व बारीक टोकाचा व्यास.

उलट्या आट्यांकडे विशेष लक्ष द्या. अनेक टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, म्हणजे नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. त्यामुळे डावा आणि उजवा जोड दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आट्यांची चढण नीट बघितली की ओळखता येतं. काही जोडांवर ‘एल’ किंवा ‘आर’ हे अक्षरही ठोकलेलं असतं.

एका रॉडचं एक टोक झिजलं असेल आणि दुसरं तितकंच जुनं असेल तर दोन्ही एकदम बदला. टो-इन एकदाच जुळवायला लागेल.

हाताशी काय हवं

जॅक निदान दोन टनांचा. टेकू म्हणून एक्सल स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे, विटा कधीच नाहीत, वीट भाराखाली अचानक फुटते. मागच्या चाकांना लावायला उट्या. एक ते दीड किलोचे दोन हातोडे. पाने, पक्कड, कटर, वायर ब्रश, मोजपट्टी, खडू, ग्रीस गन, गंज सोडवणारं तेल. नवी स्प्लिट पिन आणि जोडाबरोबर आला नसेल तर नवा कॅसल नट.

जुन्या ट्रॅक्टरवर नट बहुधा इंचाच्या मापाचे असतात. पाऊण इंचाच्या नटाला १९ मिलिमीटरचा पाना चालून जातो, १५/१६ इंचाला २४ चा बसतो. पण ७/८ इंचाच्या नटाला २२ चा शिरत नाही आणि २३ चा सैल पडतो. सैल पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग छिन्नी घ्यावी लागते. मापाचा पाना आधी शोधा.

काम सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे आटे वायर ब्रशने घासून तेल मारून ठेवा. रात्रभर मुरू द्या. स्प्रे नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळलेलंही बरंच काम करतं.

उचलणं

ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर उभा करा. चाकं सरळ. मागचं अवजार खाली टेकवा, गिअर टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उट्या लावा.

ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मध्यभागी एका सेंटर पिनवर झुलतो, हे उचलताना विसरू नका. जॅक इंजिनखाली मध्यावर लावून दोन्ही चाकं उचललीत तर एक्सल मोकळा डोलत राहतो. त्यावर हातोडा मारायचा म्हणजे बोटं चिरडायचीच वाट. म्हणून ज्या बाजूचा जोड बदलायचा त्याच बाजूला, चाकाजवळ एक्सलच्या खाली जॅक लावा आणि तेवढंच चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. लगेच टेकू सरकवा आणि भार टेकूवर सोडा. दोन्ही बाजू उचलणं भागच असेल तर एक्सल आणि त्यावरच्या आधाराच्या मधल्या फटीत दोन्हीकडून लाकडी पाचर ठोका, म्हणजे झुलणं थांबेल.

खोलण्याआधी तीन मापं

पहिलं, टो-इन. ते चाक उचलण्याआधी, ट्रॅक्टर चारही चाकांवर असतानाच घ्यायचं. मोजायची रीत पुढे दिली आहे. झिजलेल्या जोडामुळे हे माप थोडं फसवं येतं, तरी कुठून सुरुवात केली ते कळायला लागतंच.

दुसरं, रॉडच्या दोन्ही टोकांच्या बॉल पिनांमधलं अंतर, मध्य ते मध्य. टोकाच्या ग्रीस निप्पलच्या मध्यापासून मोजलं तरी चालेल, फक्त नंतरही तिथूनच मोजा आणि नव्या जोडाचा निप्पल त्याच जागी आहे ना ते बघा.

तिसरं, चेक नटाच्या बाहेर दिसणारे आटे मोजा आणि नळीच्या कडेशी खडूने किंवा रंगाने खूण करा. तिन्ही आकडे कागदावर. डोक्यात ठेवलेला आकडा गंजलेल्या नटाशी अर्धा तास झगडल्यावर राहत नाही.

जुना जोड काढणं

सर्वात आधी चेक नट किंवा क्लॅम्पचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा. पिन अजून आर्ममध्ये रुतलेली असल्यामुळे रॉड फिरत नाही आणि पान्याला चांगला आधार मिळतो. हा क्रम उलटा झाला तर मोकळा लोंबणारा रॉड पक्कडीत धरून चेक नटाशी झटत बसावं लागतं.

आता स्प्लिट पिन. तिचे पाय सरळ करून पक्कडीने ओढा. गंजून तुटली तर दोन्ही बाजूंनी कापा, उरलेला तुकडा बारीक खिळ्याने मागून ठोका. तोही हलला नाही तर तशीच पिन ठेवून नटच फिरवा. पिनचा तुकडा कापला जातो. आटे थोडे खराब होतील, पण हा जोड जायचाच आहे.

कॅसल नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. तीन-चार आट्यांवर ठेवा. पिन सुटली की रॉड धाडकन खाली येतो, तेव्हा हा नट त्याला अडवतो.

नट फिरतो पण त्याच्याबरोबर पिनही गरगर फिरते, असं बऱ्याचदा होतं. म्हणजे निमुळत्या भोकातली पकड सुटली आहे. अशा वेळी पिन तिच्या भोकात जोराने दाबून धरायची. पिन खालून वर शिरलेली असेल तर वाटीच्या खाली छोटा जॅक लावून वर दाबा, वरून खाली असेल तर सी क्लॅम्पने ओढा. टेपर, म्हणजे पिनचा निमुळता भाग, परत रुततो आणि नट सुटतो.

आता पिन भोकातून सोडवायची. इथे माणसं पिनच्या टोकावर घण घालतात. त्याने टोक खिळ्यासारखं पसरतं, नट अडकतो आणि टेपर जागचा हलत नाही. मार पिनवर नव्हे, आर्मच्या भोकाभोवतीच्या लोखंडावर बसला पाहिजे. एक जड हातोडा भोकाच्या एका बाजूला घट्ट टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने नेमका ठोका द्या. आडवा मार बसला की भोक क्षणभर लंबगोल होतं आणि टेपर सुटतो. त्याच वेळी कोणी रॉडला खाली ताण दिला तर आणखी बरं. साधारण पाच-सहा नीट ठोक्यांत ‘टक’ असा आवाज येऊन पिन मोकळी होते. नाहीच झाली तर पुन्हा तेल मारा, अर्धा तास थांबा, किंवा बॉल जॉइंट काढायचा पुलर लावा. दुहेरी चिमट्यासारखी पाचर ठोकूनही जोड निघतो. तिच्याने बूट फाटतो, पण जोड टाकायचाच असेल तर फाटू दे.

गॅसने तापवायचा मोह टाळा. आर्म घडवून कडक केलेल्या पोलादाचा असतो. लाल होईपर्यंत तापला तर त्याची ताकद जाते, आणि हे बाहेरून दिसत नाही. शिवाय बंद वाटीतलं ग्रीस तापून जोड फुटू शकतो.

पिन सुटली की जोड नळीतून फिरवून काढा आणि फेरे मोजा. उदाहरणार्थ साडेसतरा. हा आकडा आधीच्या कागदावर लिहा. जोड हलत नसेल तर फिरवायची दिशा तपासा. उलटे आटे विसरून ताकद लावणारा माणूस तो जोड आणखी आवळत असतो.

भोक तपासल्याशिवाय नवा जोड बसवू नका

सगळ्या कामात घाईघाईने टाळली जाणारी पायरी ही. आर्ममधलं भोक कापडाने लख्ख पुसा. ग्रीस, रंग, गंज काही राहू देऊ नका. आत चमकदार पट्टे, खड्डे किंवा काठाला चीर दिसते का बघा. जुना नट बराच काळ सैल राहिला असेल तर पिनने भोक घासून लंबगोल केलेलं असतं.

नवी पिन कोरडीच भोकात घाला आणि हाताने दाबून डोलवून बघा. जरासुद्धा डुलता कामा नये. पक्की खात्री करायची तर पिनच्या निमुळत्या भागावर खडूच्या उभ्या रेघा मारा, पिन भोकात घालून थोडी फिरवा आणि काढून बघा. रेघा सगळ्या लांबीभर पुसल्या असतील तर बैठक चांगली. फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या काठालाच पुसल्या असतील तर टेपर जुळत नाही. एक तर चुकीचा भाग आला आहे किंवा भोक झिजलं आहे.

नट घालून आणखी एक परीक्षा होते. हाताने आवळलेल्या नटाच्या खाचांजवळ पिनचं आडवं भोक आलं पाहिजे. ते नटाच्या वर निघून गेलं असेल तर पिन जास्त खोल शिरते आहे. नटाखाली वॉशर घालून हे लपवता येतं, आणि लोक लपवतातही. पण अशी पिन भोकात पूर्ण रुतत नाही, दर वळणाला किंचित हलते आणि एक दिवस आट्यांपाशी तुटते. भोक झिजलं असेल तर आर्म बदला किंवा चांगल्या कारखान्यातून भोकात टेपर बुश बसवून घ्या. पत्र्याचा तुकडा गुंडाळून पिन बसवणं किंवा जुन्या वाटीला वेल्डिंग करून प्ले घालवणं हे असलं जुगाड स्टिअरिंगमध्ये नको. ट्रॅक्टरचा दुसरा कुठला जोड तुटला तर काम थांबतं. हा तुटला तर एक चाक मनाला येईल तिकडे वळतं.

नवा जोड बसवणं

नळीचे आतले आटे घासून पुसा आणि त्यांना ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी सुटतील. निमुळत्या पिनला मात्र ग्रीस किंवा तेल लावू नका. ती कोरड्या घर्षणावरच धरते.

चेक नट आधी चढवा आणि मोजलेले तेवढेच फेरे देऊन जोड नळीत घाला. नव्या जोडाच्या दांड्याची लांबी जुन्यापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून फेऱ्यांवर थांबू नका. मध्य ते मध्य अंतर पुन्हा मोजा आणि ते जुन्या आकड्याशी जुळवा. आटे नळीत निदान त्यांच्या व्यासाच्या दीडपट लांबीइतके गेलेच पाहिजेत. २० मिलिमीटर व्यासाचे आटे असतील तर ३० मिलिमीटर. दोन्ही टोकांना नळीत गेलेले आटे साधारण सारखे ठेवा. एकीकडे १० आणि दुसरीकडे ४० मिलिमीटर असं नको.

पिन भोकात घाला, कॅसल नट आवळा. यंत्राच्या पुस्तकात टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा तो आकडा, दिलेला असेल तर तोच पाळा. नसेल तर १२ ते १४ मिलिमीटरच्या आट्यांना सुमारे ३०० मिलिमीटर लांबीच्या पान्यावर २५ किलोचा भार, म्हणजे एका हाताचा चांगला जोर. त्याने साधारण ७५ न्यूटन-मीटर होतात. पान्याला पाइप लावून लटकू नका. त्याने पिन ताणली जाते.

आवळल्यावर पिनचं भोक आणि नटाची खाच समोरासमोर आली नाही तर नट पुढे आवळून पुढची खाच जुळवा. कधीही मागे सैल करू नका. मागे केलेला नट म्हणजे सैल टेपर. मग नवी स्प्लिट पिन घाला, भोकात जेमतेम शिरेल इतक्या जाडीची. तिचा एक पाय बॉल पिनच्या टोकावर वर वळवा, दुसरा नटाच्या कडेला खाली. खिळा किंवा बाइंडिंगची तार चालत नाही.

चेक नट पक्का करण्याआधी वाटीचा कोन बघा. रॉड हाताने धरून आपल्या अक्षाभोवती डोलवला तर दोन्हीकडे सारखाच थोडा डोलला पाहिजे. एकीकडे लगेच अडत असेल तर त्या टोकाची वाटी तिरकी बसली आहे. चाक खड्ड्यात गेलं की पिन वाटीच्या काठावर आदळेल आणि वाकेल.

टो-इन जुळवणं

टो-इन म्हणजे पुढच्या चाकांची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा किती जवळ आहे ते. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना ते शून्य ते सहा मिलिमीटरच्या दरम्यान लागतं. आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तकात असेल तर तो घ्या, नसेल तर तीन मिलिमीटरवर ठेवा. जास्त झालं तर टायरच्या बाहेरच्या कडा झिजतात. उलट झालं, म्हणजे चाकं पुढून फाकली, तर आतल्या कडा झिजतात आणि स्टिअरिंग भटकतं.

मोजायची रीत अशी. दोन्ही पुढच्या टायरमध्ये सारखी हवा. ट्रॅक्टर खाली घेऊन दोनेक मीटर सरळ पुढे न्या, मागे नाही. पुढे गेल्याने जोडांमधला उरलासुरला प्ले नेहमीच्या दिशेला बसतो. आता दोन्ही रिमच्या आतल्या काठावर पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग ट्रॅक्टर पुढे न्या. चाकं अर्धा फेरा फिरून त्याच खुणा मागच्या बाजूला, तेवढ्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. मागचं वजा पुढचं म्हणजे टो-इन. समजा पुढे १,२१२ आणि मागे १,२१६ मिलिमीटर, तर टो-इन ४. खुणा चाकाबरोबर फिरवायच्या कारण जुन्या ट्रॅक्टरचं रिम क्वचितच अगदी गोल असतं. एकाच जागी राहून पुढे-मागे मोजलं तर रिमचा वाकडेपणाही मापात येतो. मध्ये इंजिनचा भाग आडवा येत असेल तर खुणा थोड्या वर किंवा खाली घ्या, फक्त दोन्ही वेळा उंची तीच हवी.

जुळवताना पाव फेऱ्याने पुढे जा, त्याचं गणित सरळ आहे. आट्यांचा पिच १.५ मिलिमीटर असेल तर एका टोकाच्या एका फेऱ्याने रॉड तेवढाच लांबतो. पण स्पिंडलचा आर्म १५० मिलिमीटरचा आणि रिमचा व्यास ४०० धरला तर टो-इनमध्ये सुमारे ४ मिलिमीटर फरक पडतो. नळीला दोन्हीकडे उलटसुलट आटे असतील तर एका फेऱ्यात ८. अर्धा फेरा जास्त झाला तरी माप निसटतं. रॉड एक्सलच्या मागे असेल तर लांबवल्याने टो-इन वाढतं, पुढे असेल तर कमी होतं. दर बदलानंतर ट्रॅक्टर पुन्हा थोडा पुढे नेऊनच मोजा.

काही ट्रॅक्टरांत दोन चाकांना जोडणारा आडवा रॉड नसतो. १९३९ चा फोर्ड-फर्ग्युसन ९एन आणि १९४६ ते १९५६ मध्ये कॉव्हेंट्रीत बनलेला फर्ग्युसन टीई२० हे त्यातले. स्टिअरिंग बॉक्सपासून दोन्ही चाकांना दोन वेगळ्या ड्रॅग लिंक जातात. एक्सलची रुंदी बदलली तरी लिंकना हात लावावा लागू नये म्हणून ती रचना होती. तिथे टो-इन बदलताना दोन्ही लिंक सारख्याच फिरवा. एकच फिरवली तर सरळ जाताना बॉक्स मध्यापासून सरकतो आणि वळणं एकीकडे मोठी, दुसरीकडे छोटी पडतात.

आकडा बसला की चेक नट आवळा. क्लॅम्प असेल तर त्याचा बोल्ट अशा बाजूला ठेवा की पूर्ण वळणावर तो एक्सलला घासणार नाही. आवळताना नळी फिरते, म्हणून शेवटी एकदा परत मोजा.

ग्रीस आणि पहिले काही तास

निप्पल पुसून लिथियमचं २ नंबर ग्रीस द्या, बूट जरा फुगेपर्यंत किंवा कडेला ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. त्यापुढे दिलेला पंप बूट फाडतो आणि आपण होतो तिथे परत येतो. निप्पल नसलेल्या बंद जोडाला काही द्यायचं नाही. पुढे चिखलात काम असेल तर दर १० तासांनी, कोरड्यात ५० तासांच्या आत ग्रीस द्या.

इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि कोणी खाली बघत राहा. रॉड कुठे टेकत नाही ना, बूट पिळला जात नाही ना. मग मोकळ्या जागेत हळू चालवा. तासाभराच्या कामानंतर आणि पुन्हा १० तासांनी कॅसल नट, स्प्लिट पिन आणि चेक नट तपासा. नवा टेपर भाराखाली किंचित आणखी रुततो, त्यामुळे १० तासांनी नट थोडा सैल वाटू शकतो. तसा वाटला तर स्प्लिट पिन काढा, पुढच्या खाचेपर्यंत आवळा आणि नवी पिन घाला.

एवढं करूनही वेगात थरथर राहिली तर आधी दोन्ही टायरमधली हवा, मग बेअरिंग, मग किंग पिनचे बुश, मग एक्सलची सेंटर पिन, याच क्रमाने बघा. स्टिअरिंग बॉक्स सगळ्यात शेवटी.